आधी सांग, मग हात लाव: पुण्यातल्या दोन नर्सिंग ब्युरोंचा अनुभव

दोन्ही ब्युरोंची नावं लिहीत नाही. पहिल्याचं लिहिलं तर भांडण, दुसऱ्याचं लिहिलं तर लोक म्हणणार पैसे घेऊन लिहिलंय. पण घरच्या पेशंटसाठी माणूस शोधताना काय बघायचं ते सांगतो, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला विचारावं तो रेटच सांगायचा.

माझं नारायण पेठेत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. त्याच्याही आधीपासून घरात आईचा शिवणक्लास होता. दुपारी दोन ते पाच, चार मशिनी, आठ मुली. पेठेतल्या निम्म्या बायका अजून तिला 'बाई' म्हणतात. माझ्याही हातात कात्री तिनेच दिली. आता ती 81 वर्षांची आहे. गेल्या जूनमध्ये बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून गोळा बदलला. दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर देऊन उभंही केलं, पण तिने पडण्याची अशी धास्ती घेतली की घरी आल्यावर पलंग सोडायचं नाव नाही.

हॉस्पिटलमधले उपचार चांगले झाले, तक्रार नाही. तक्रार आहे ती गाऊनबद्दल. मागून उघडा, मानेशी एक नाडी आणि कमरेशी एक, त्यातली कमरेची तुटलेली. मागून उघडा का, ते कळतं. झोपलेल्या माणसाला न उचलता चढवता येतो. पण मागचे दोन पल्ले एकमेकांवर चार बोटं तरी चढतील इतका घेर द्यायला काय झालं होतं? चार इंच कापड वाचवलं, दुसरं काय.

एक्स-रेला नेताना त्याच गाऊनमध्ये आईला कुशीवर करून स्ट्रेचरवर घेतलं, आणि चादर सरकली. बिलाच्या खिडकीशेजारी रुग्णहक्कांची सनद लावली होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ती 2018 मध्ये काढली, आणि 2021 मध्ये महाराष्ट्राच्या नर्सिंग होमच्या नियमांत अशी सनद आली. दर्शनी भागात लावावी लागते. मी रांगेत उभा राहून ती अख्खी वाचली, रांगच तेवढी होती. रुग्णाची प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपला पाहिजे, पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर दुसरी बाई हजर पाहिजे, सगळं लिहिलेलं. त्याच बोर्डासमोरून माझी आई उघड्या पाठीने लिफ्टपर्यंत गेली. वॉर्डबॉय वाईट नव्हता. त्याला घाई होती, आणि चादर बघणं हे त्याच्या कामात कोणी धरलेलंच नव्हतं.

घरी आणल्यावर पहिला ब्युरो लावला. बारा तासांचे 850 रुपये, नोंदणी 1500, वर अनामत. फोनवरचा माणूस म्हणाला, "सिस्टर पाठवतो." आल्या त्या मावशी. इथे एक गोष्ट समजून घ्या. नर्स म्हणजे एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स केलेली, नाहीतर चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली. बाकीच्या अटेंडंट. ब्युरोवाले सरसकट सगळ्यांना सिस्टर म्हणतात. आईला इंजेक्शन नव्हतं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी नव्हती, म्हणजे अटेंडंटच हवी होती. पण आपण पैसे कशाचे मोजतोय ते आधी विचारून घ्यावं.

मावशी कामाला वाईट नव्हत्या. हात स्वच्छ, गोळ्या वेळेवर, अंगात ताकद. म्हणूनच काय चुकतंय ते कळायला मला नऊ दिवस लागले.

पहिल्या दिवसापासून आई त्यांच्यासाठी 'बाळ' होती. "आमच्या बाळाने आज सगळं जेवण संपवलं." हे प्रेमाने चाललंय म्हणून आम्हीही हसायचो. मग एकदा शेजारच्या काकू भेटायला आल्या. एकेकाळी ब्लाउजचा मुंढा चुकवला म्हणून आईने त्यांना सगळी शिलाई उसवायला लावली होती. त्यांच्यासमोर मावशी म्हणाल्या, "बाळाला दोन दिवस शी झाली नाही हो." आईने डोळे मिटून घेतले. काकू निघाल्या तरी उघडले नाहीत. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. आम्हाला वाटलं, अशक्तपणा.

डायपरचं तसंच. आईला लघवीची जाणीव पूर्ण होती. ती सांगायची, "मला जायचंय." मावशी म्हणायच्या, "डायपर आहे ना आजी, त्यातच करा. तेवढ्यासाठी कुठे उठवू?" हे मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो आणि मला ते सोयीचं वाटत होतं, हे इथे लिहितो. 81 वर्षांच्या बाईला कोणी असं सांगतं आणि तिचा मुलगा चहा गाळत राहतो.

एकदा गॅसचा सिलिंडर आला. मावशी आतल्या खोलीत डायपर बदलत होत्या, मोबाइल स्पीकरवर, दार सताड उघडं. सिलिंडरवाला स्वयंपाकघराकडे निघाला आणि त्याची नजर आत गेली. बिचाऱ्याने लगेच मान वळवली. माझीही नजर गेली. अंगावर ओढायला आईच्या हाताशी काही नव्हतं. तिने हात उचलून तोंडावर धरला. शरीर झाकता येईना, म्हणून चेहरा झाकला.

आणि तरी मी ब्युरो बदलला तो त्यामुळे नाही. बदलला तो व्हॉट्सॲपमुळे. ब्युरोचा एक ग्रुप होता, त्यात मलाही घेतलं होतं. आईच्या माकडहाडापाशी लाली दिसली, म्हणून मावशींनी फोटो काढून तो ग्रुपवर टाकला. विचारायची गोष्ट बरोबरच होती, लाली दिसली की वेळीच बघितलं पाहिजे, नाहीतर पडून पडून जखम होते, बेडसोअर. पण त्या ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं होती आणि त्यातले निम्मे माझ्यासारखे, दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक. मी दुकानात काज करायला कपडे देत होतो. फोन उघडला तर आईची पाठ.

ब्युरोला फोन केला, बाई बदलून द्या म्हणालो. "काम करत नाही का?" "करते." "मग प्रॉब्लेम काय?" मला धड सांगता येईना. तो म्हणाला, "साहेब, एवढी काम करणारी माणसं मिळत नाहीत हल्ली." हेही खरंच होतं.

त्याच संध्याकाळी नाशिकची बहीण फोनवर होती. मी आईच्या पलंगाशेजारी उभा राहून तिला सांगत होतो, किती खाते, रात्री किती वेळा उठवते, कशी चिडचिड करते. आई म्हणाली, "अरे, मी खोलीतच आहे." चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका मुलीचं माप घेताना माझा टेपवरचा हात थांबला. आम्हा लेडीज टेलरांचा धंदाच असा की परक्या बाईच्या अंगाजवळ हात न्यावा लागतो. ते कसं करायचं हे मला आईने सतराव्या वर्षी शिकवलं. टेप लावायच्या आधी तोंडाने सांगायचं, कुठे लावणार ते. छातीचं माप घेताना टेप गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा, तिचा तिने गुंडाळायचा, आपण बाजूला उभं राहून फक्त आकडा वाचायचा. आकडा मोठ्याने बोलायचा नाही, लिहायचा. ट्रायलचा पडदा शेवटच्या कडीपर्यंत सरकल्याशिवाय दुकानात दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं नाही. आधी सांग, मग हात लाव. तीस वर्षं हे पाळून मी पोट भरलं, आणि हे शिकवणाऱ्या बाईला मात्र न विचारता उलटंपालटं केलं जात होतं, माझ्याच घरात, माझ्याच पैशाने.

दुसरा ब्युरो आईच्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितला. रेट 950. चालवणाऱ्या बाई स्वतः निवृत्त नर्स. मी रेट विचारायच्या आधी त्यांनीच प्रश्न सुरू केले. आईंना घरात काय म्हणतात? लघवीची जाणीव आहे? मग डायपर कशासाठी? आंघोळ सकाळची की संध्याकाळची? पूजा असते का? पलंगाच्या खोलीला दार आहे की पडदा? मला निम्मी उत्तरं येईनात. आंघोळीचं तर मी अंदाजाने सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "आईंनाच विचारा ना. मी धरते फोन." मी आत जाऊन विचारलं. आई म्हणाली, "संध्याकाळची. दिवाबत्तीच्या आधी." पन्नास वर्षं ती शिवणक्लास आटपून संध्याकाळी आंघोळ करत आली होती, आणि आम्ही तिला नऊ दिवस सकाळी सात वाजता पुसून काढत होतो.

ताई आल्या त्या पस्तिशीच्या, अप्पर इंदिरानगरहून बसने येणाऱ्या. दार उघडंच होतं, तरी चौकटीवर टकटक केली. पलंगाजवळ गेल्या, पण उभ्या राहिल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या, म्हणजे आईला मान वर करावी लागली नाही. म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणू? आजी म्हटलेलं चालेल?" आई म्हणाली, "बाई म्हण."

पहिलं काम त्यांनी मला लावलं. खोलीला दार होतं, पण कडी लागत नव्हती. सुताराला बोलवा, आणि तोवर दोरीवर जुनी साडी टाका, म्हणाल्या. तासाभरात साडी टाकली. त्यामुळे पुढचं सगळं मी पडद्याबाहेरून ऐकलेलं आणि मदतीला आत असलेल्या बायकोने सांगितलेलं आहे. माझ्या तिथे असण्याची गरजच नव्हती, हेही ताईंमुळे कळलं.

दोन घमेली कोमट पाणी. कोपर बुडवून बघितलं, मग बाईंच्या हातावर थेंब टाकून त्यांना विचारलं, चालेल का. अंगावर मोठी चादर, आणि तिच्याखालून गाऊन काढला, वरून नाही. मग एक एक अवयव. "बाई, आता डावा हात घेते." पुसला, कोरडा केला, झाकला. "आता उजवा." तोंडाला साबण नाही, डोळे नाकाकडून कानाकडे. बोटांच्या बेचक्या, काखा, छातीखालची घडी नीट कोरडी, कारण ओल राहिली की तिथेच कातडी चिघळते. पाठीसाठी कुशीवर वळवताना दोन्ही गुडघ्यांत उशी, ऑपरेशनचा पाय आत वळू नये म्हणून. शेवटी पाणी बदललं, दुसरं फडकं भिजवून पिळलं आणि आईच्या हातात दिलं. "खालचं तुमचं तुम्ही करा. मी पाठ करून उभी आहे. लागलं तर हाक मारा."

मी बाहेर उभा होतो. तेच, टेप गिऱ्हाइकाच्या हातात.

पस्तीस मिनिटं लागली. मावशी हेच बारा मिनिटांत उरकायच्या. बायको बाहेर आली आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा त्या दात आवळून नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी कमोडची खुर्ची भाड्याने आणली. उंच बैठकीची सांगितली होती, कारण गोळा बदललेल्या खुब्याला काटकोनापेक्षा जास्त वाकवायचं नसतं. दर तीन तासांनी ताई विचारायच्या, जायचंय का. आई नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर वॉकर, चार पावलं, खुर्ची, मांडीवर टॉवेल, आणि ताई पडद्याबाहेर. आठवड्याभरात दिवसाचा डायपर गेला. रात्रीचा जायला आणखी दोन आठवडे लागले. मध्ये दोनदा पोचेपर्यंत झालं. आई रडवेली झाली. ताई म्हणाल्या, "चादर बदलायचीच होती आज." इतकंच. पडण्याची भीती त्या खुर्चीपर्यंतच्या चार पावलांतच गेली. आम्ही पंधरा दिवस "उठ, उठ" म्हणून मागे लागलो होतो, पण उठून जायचं कुठे, हे आमच्यापैकी कोणी तिला दिलंच नव्हतं.

आता माझ्या प्रांतातलं. ताईंनी एकदा विचारलं, "दादा, तुम्ही शिवता ना, मग बाईंना हे गाऊन कशाला?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री आईच्याच दोन जुन्या सुती साड्या घेतल्या, चांगल्या धुवट, मऊ झालेल्या. मागे उघडा, पण एक पल्ला दुसऱ्यावर दहा इंच चढणारा, म्हणजे कुशीवर केलं तरी फाकत नाही. नाडी मागे नाही, बाजूला, कमरेच्या पुढच्या अंगाला. मागे गाठ आली की झोपलेल्या माणसाला ती रात्रभर रुतते. दोन्ही खांद्यांवर टिचबटणं, तुळशीबागेतून आणलेली, म्हणजे सलाइनचा हात असला तरी बाही उघडून गाऊन चढवता येतो. आणि पाठीला मधोमध शिवण अजिबात नाही. सगळ्या शिवणी बाजूला. माकडहाडाखाली शिवणीचा दाब आला तर जिथे लाली यायची तिथेच ती रेघ बसते.

आईने पहिला गाऊन हातात घेऊन उलटा केला, आतला दाब बघितला आणि म्हणाली, "खांद्याला चार टिचबटणं कशाला? तीन पुरे. आणि खिसा कुठाय?" पेशंटला खिसा कशाला, मी म्हणालो. "रुमाल कुठे ठेवू? चष्मा कुठे ठेवू? दर वेळी तिला मागू?" खिसा लावला.

आता उणं-दुणं. ताई पावसाळ्यात तीनदा उशिरा आल्या. एकदा खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, सगळी वाहतूक तुंबलेली, त्याला त्या काय करणार. पण ब्युरोने निदान फोन करावा. एका रविवारी न सांगता बदली बाई पाठवली. ती आत शिरताच "काय आजी, झोपलात का?" म्हणून अंगावरची चादर ओढायला लागली. आईने चादर धरून ठेवली आणि नाव, गाव, काम किती दिवस करतेस, सगळं विचारूनच सोडली. म्हणजे ताईंचं वळण हे ब्युरोचं वळण आहे असं समजू नका. मालकीणबाई चांगल्या आहेत, पण प्रत्येक बाईला त्यांनी शिकवलंय असं दिसलं नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. रोजचा फोटो पाठवायची पद्धत इथेही आहे, फक्त ताईंनी आधी आईला विचारलं. आई नको म्हणाली, आणि विषय संपला.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. 950 मधले ताईंच्या हातात 600 पडतात. बारा तास, वर बसचे दोन.

आमचंही सांगून टाकतो. पहिल्या दिवशी ताईंना चहा स्टीलच्या पेल्यात दिला, कामाच्या बायकांसाठी वेगळा ठेवतात तसला. आईने पलंगावरून बघितलं. "कपबशीत दे," म्हणाली. आई सेवासदनच्या शाळेतली. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा लोकांनी काय काय म्हटलं होतं, ते तिने मला त्या दिवशी पुन्हा एकदा ऐकवलं. रमाबाई तिच्या बोलण्यात महिन्यातून एकदा तरी येतातच. ताई बशीत ओतून चहा पीत होत्या. दुपारच्या जेवणाला अर्धा तास, बसून, आणि भांडी-फरशी त्यांच्याकडून करून घ्यायची नाही, हे मालकीणबाईंनी आधीच बजावलं होतं. आम्हाला ते तेव्हा आगाऊपणा वाटलं होतं.

दोन महिन्यांनी आई काठीवर आली, आणि ताई औंधला दुसऱ्या केसवर गेल्या. जाताना गाऊनचा कागदी कट मागून नेला. तिथले आजोबा आहेत, त्यांना पुरुषी मापाचा हवाय. मी दोन शिवून दिले, आईने पलंगावर बसून टिचबटणं लावली. तीन-तीन.

पाचपैकी चार तारे देतो. पाचवा त्या साडेतीनशे रुपयांचा आणि रविवारच्या बदली बाईचा.

हिशोब मिटवायच्या दिवशी ब्युरोतून कोणा मुलाचा फोन आला, सर्व्हिस कशी वाटली विचारायला. "पेशंट कसा आहे आता?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग फोन आईकडे दिला. "पेशंट बोलतेय," ती म्हणाली. "माझं बरं आहे. अनामत कधी परत करताय?"

गुरुवारी आली. दोनशे कापून. कशाचे, ते आई अजून विचारतेय.